कान असलेलं कौल

"पाचला खड्डा बुजवणार म्हणजे बुजवणार," संभाजीकाकांनी घड्याळावर बोट ठेवून सांगितलं, आणि उत्कर्षाआत्याचा चेहरा पडला.

संभाजीकाका बिल्डरचे सुपरवायझर. कसबा पेठेतल्या या जागेवर फ्लॅट उभे राहण्याआधी, जमिनीखाली जुनं काही आहे का हे खणून पाहायला पुरातत्त्व संशोधक आत्याला चार दिवस मिळाले होते. आजचा चौथा, आणि सापडलं काहीच नव्हतं. नीरजा आणि गंधारचे आईबाबा खराडीत कॉम्प्युटरसमोर, म्हणून सुट्टीत ही भावंडं आत्याच्या गळ्यात. दोघं जुन्या टूथब्रशने खापरं धूत बसली होती.

आत्याचा नियम सोपा होता. जाड, लाल तुकडा दिसला की तो 'कौलं' लिहिलेल्या पोत्यात. पेठेत कुठंही खणा, पडक्या छपरांची कौलं निघतातच. खड्ड्यात पहिलं ते पोतंच रिकामं व्हायचं होतं.

नीरजाच्या हातातल्या तुकड्याला मात्र मुठीत धरता येईल असा जाडजूड कान होता.

"गंध्या, कौलाला कान कशाला लागतो?"

"ऐकायला," गंधार म्हणाला, पण त्याचाही ब्रश थांबला.

आत्या फोनवर मुदत वाढवून मागण्यात गुंतली होती. दोघं तुकडा घेऊन थेट कुंभारवाड्यात म्हाताऱ्या दत्तोबा कुंभारांकडे धावली. दत्तोबांनी तो आतून बोटाने चाचपला. इथला कुंभार आतून गोटा धरून घडा थापटतो, त्याचे खळगे राहतात, असं त्यांनी सांगितलं. या तुकड्यावर तसा एकही खळगा नव्हता.

"आमचा घडा मानेला धरतात, बाळ. असले कान आम्ही लावत नाही. हे लांबचं काम आहे."

परत येतात तर संभाजीकाकांची माणसं कौलांच्या पोत्याला हात घालत होती. गंधार धावत जाऊन पोत्यावरच बसला.

"ऊठ," संभाजीकाका म्हणाले.

"पाय मुरगळलाय, काका." गंधार कण्हायला लागला. तेवढ्यात नीरजाने आत्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि तिथे तो तुकडा ठेवला.

आत्या मातीतच बसली. दोन हजार वर्षांपूर्वी रोमकडून दारू भरून येणाऱ्या दोन कानांच्या बरणीचा तो तुकडा होता. आतून काळा थर होता, तो गळती थांबवणाऱ्या राळेचा. पोत्यातून असे आणखी अकरा तुकडे निघाले. सोनंनाणं कुणीही एखाद्या वेळी जपून आणेल, ती सांगू लागली, पण असली रोजच्या वापरातली, फुटणारी भांडी समुद्रावरून येऊन घाट चढली, म्हणजे ये-जा नेहमीची होती.

संभाजीकाकांनी स्वतःच मालकांना फोन लावला. पंधरा दिवस मिळाले. आत्याचा जीव भांड्यात पडला, आणि गंधारचा पायही लगेच बरा झाला.

"चार दिवस मी हेच कौलं म्हणून फेकत होते," आत्याचे डोळे भरून आले. "उद्यापासून पोती तुम्ही तपासायची. तो ब्रश इकडे द्या."