परतसीमा

अस्थिमापक यंत्राच्या पडद्यावर हाडांच्या घनतेचा आकडा उमटला, एकोणऐंशी, आणि डॉ. हालिमांनी आपली खुर्ची केतकीकडे वळवली.

केतकी चौगुले गडहिंग्लजहून चांद्र विद्यापीठात शिकायला आली, त्याला पाच वर्षं झाली होती. प्रबंध मान्य झाला होता. इथंच राहून हाडांवरचं संशोधन पुढं नेण्यासाठी विद्यापीठानं तिला पदही देऊ केलं होतं.

"परतसीमा पंचाहत्तर आहे," डॉ. हालिमा म्हणाल्या. "तिच्याखाली गेलीस, तर पृथ्वीवर उतरतानाचा दणका तुझ्या पायांच्या हाडांना सोसणार नाही. पुढचं यान दहा दिवसांनी येतंय. त्यानंतरचं वर्षानं. तोवर तू सत्तरच्या आसपास असशील."

"व्यायाम वाढवला तर?"

"झीज मंदावेल, थांबणार नाही. तुझ्याच प्रबंधात आहे हे. हाडाला पृथ्वी कळत नाही की चंद्र. त्याला फक्त सवयीचा भार कळतो. भार कमी झाला की ते झिजतं, वाढला की भरतं. इथं येणाऱ्या प्रत्येकाचं वजन सहाव्या हिश्शावर येतं, म्हणून इथं प्रत्येकजण झिजतो."

केतकीचं मन मात्र आकड्यात नव्हतं. तिची आई, शैलजाताई, गडहिंग्लजमध्ये वीस वर्षं मुलींना फुटबॉल शिकवत होत्या. सहा वर्षांपूर्वी स्कूटरला अपघात झाला, कण्याला मार बसला आणि पायातली बहुतेक ताकद गेली. तेव्हापासून त्या चाकाच्या खुर्चीत होत्या. वडील आधीच गेलेले. मावशी सोबतीला होती, पण तीही आता थकत चालली होती.

त्याच संध्याकाळी केतकीनं घरी संपर्क साधला.

"आई, मी परत येतेय. दहा दिवसांनी निघते."

उत्तर पृथ्वीवरून यायला तीन सेकंद लागले.

"आणि तुझं काम?"

"राहू दे ते."

"माझ्यासाठी येणार असशील तर येऊ नकोस," शैलजाताई म्हणाल्या. "तुला यावंसं वाटत असेल तर ये."

नेमकं काय वाटतं, ते केतकीला सांगता येईना. तिनं पद नाकारण्याचं पत्र लिहिलं, दोनदा खोडलं आणि शेवटी पाठवून दिलं. चार दिवसांनी पुन्हा संपर्क साधला, तर मावशी म्हणाली, "तुझी आई तपासणीला कोल्हापूरला गेलीय. तिथंच राहणार आहे काही दिवस." जास्त काही बोलली नाही. केतकीचा निर्णय आणखी पक्का झाला.

यान आलं त्या दिवशी ती सामान नोंदवायला उतरणकक्षात गेली. नवे प्रवासी एकेक करून बाहेर पडत होते, पहिल्याच पावलाला उडून कठड्यांना धरत होते. सगळ्यांत शेवटी एक बाई आल्या. त्यांचं पाऊल अडखळत होतं, पण त्या उभ्या होत्या.

केतकीच्या हातातली पिशवी सुटली आणि सावकाश खाली गेली.

"अगं, बघत काय उभी राहिलीस? हात दे की."

केतकीनं हात दिला.

"तू उभी कशी आहेस?"

"माझे पाय अंगाच्या वजनाचा पाचवा हिस्सा पेलतात. पोहण्याच्या तलावात उभं करून, पाणी कमी-कमी करत डॉक्टरांनी तसं मोजलं होतं. इथं सहावाच हिस्सा पेलायचाय. मग सहा महिन्यांपूर्वीच केला अर्ज. कोल्हापूरची तपासणी त्याचीच होती; ती पार पडेपर्यंत तुला सांगायचं नव्हतं. तुमच्याकडं व्यायामशिक्षकाची जागा होती."

"आई, तुझी हाडं बघितलीस? परत जाता येणार नाही तुला."

"बासष्ट. सहा वर्षं खुर्चीत बसून आणखी काय होणार? इकडं येताना तसला दणका नसतो, आणि परतीचं सगळं वाचून सही केलीय." शैलजाताईंनी पुढचं पाऊल टाकलं. "आणि हे बघ, मी तुझ्यासाठी आलेली नाही. चालायला आलेय. तुला गडहिंग्लजला जायचं असेल तर खुशाल जा."

केतकी त्या पावलाकडे पाहत राहिली. आपल्याला कधीच जायचं नव्हतं, हे तिला तेव्हा कळलं. यान तिची जागा रिकामी ठेवून परतलं. विद्यापीठानंही तिचं पत्र विनातक्रार परत दिलं.

तीन महिन्यांनी डॉ. हालिमांनी शैलजाताईंची तपासणी केली. आकडा पाहून त्यांनी यंत्र पुन्हा लावलं आणि मग केतकीला बोलावलं.

"चौसष्ट," त्या म्हणाल्या. "चंद्रावर हाडं भरल्याची ही पहिलीच नोंद. खरं तर आपल्याला हे आधीच सुचायला हवं होतं. खुर्चीत यांच्या पायांवर भार नव्हताच, इथं तो दिवसभर पडतो. याच गतीनं दोन वर्षांत या परतसीमेच्या वर जातील."

"आणि मी तोवर खाली गेलेली असेन," केतकी म्हणाली, आणि तिला हसू आलं.

शैलजाताईंनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं.

"म्हणजे परत जायचं की नाही, हे आता मला ठरवावं लागणार?"

"हो, आई."

"बघू की." त्या बिछान्यावरून उतरल्या. "मैदानावर पोरी थांबल्यात. आधी त्यांना डाव्या पायानं पास द्यायला शिकवते."