फोटोखालची ओळ

मृणाल गेली हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिचा फोन माझ्या शर्टाच्या खिशात होता. परळच्या हॉस्पिटलात, आयसीयूच्या बाहेर उभा होतो. डेंग्यूचं निमित्त झालं. डॉक्टर वयाने लहान होत्या. त्या "सॉरी, आम्ही खूप प्रयत्न केले" म्हणाल्या आणि तेवढ्यात खिशातला फोन बोलायला लागला.

मृणालला दिसायचं नाही. पडद्यावर जे येईल ते तिचा फोन मोठ्याने वाचायचा, आणि तिने त्याचा वेग इतका वाढवून ठेवला होता की नवख्या माणसाला ते बोलणं वाटायचंच नाही. कढईत मोहरी तडतडल्यासारखं वाटायचं. डॉक्टर दचकल्या. मला मात्र शब्द न् शब्द कळला. ओवी नावाच्या तिच्या विद्यार्थिनीचा मेसेज होता. "ताई, ताप उतरला का? घाई नाही, पण इतिहासाचा पाचवा धडा कधी मिळेल?"

मी खिशावर हात दाबून धरला. फोन गप्प कसा करायचा ते काही केल्या आठवेना.

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला त्या दिवसापासून सांगतो.

दादरला एक संस्था आहे. ज्या मुलांना दिसत नाही त्यांची शाळा-कॉलेजची पुस्तकं तिथे कॉम्प्युटरवर ऐकता येतील अशी करून मिळतात. आमच्या ऑफिसने एक वर्ष टूम काढली की शनिवारी प्रत्येकाने कुठेतरी समाजसेवा करायची. मी बिलं करणारा माणूस. कॉम्प्युटर येतो म्हणून मला तिथे पाठवलं. पहिल्याच दिवशी एका धड्याची वर्डची फाईल देऊन सांगितलं, यातले मथळे नीट करून द्या. मी सकाळभर बसून मथळे केले. मोठे केले, जाड केले, लाल केले, खाली रेघ मारली. मग पेन ड्राइव्ह घेऊन खिडकीजवळच्या टेबलावर गेलो. तिथे एक मुलगी लॅपटॉप उघडून भराभर टाइप करत होती. पडदा पूर्ण काळा होता.

"मॅडम, तुमची स्क्रीन बंद आहे."

"असू दे. बॅटरी वाचते."

ती माझ्याकडे न बघता हसली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी काहीतरी पुटपुटलो. तिने हात पुढे केला, मी पेन ड्राइव्ह दिला. तिने एक ओळ टाइप केली, एंटर दाबलं, आणि लॅपटॉप तडतडायला लागला. ती ऐकत राहिली.

"हे तुम्ही केलंत? नाव काय तुमचं?"

"आनंदा."

"वय?"

"अठ्ठावीस."

"नाव साठीचं आहे."

"आजोबांचं आहे. गिरणीत होते."

"बरं... आनंदा, मथळे कुठे आहेत?"

"आहेत की! मोठे केलेत. लाल केलेत."

"लाल!" ती खळखळून हसली. "मला लाल ऐकू येत नाही हो."

मग तिने मला बसवून समजावलं. ती वापरायची त्या साधनाचं नाव पॅनडॉक. फुकट मिळतं. त्याला बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची की ही वर्डची फाईल घे आणि मला साधी करून दे, किंवा साधी घे आणि वेबची करून दे, की ते करून देतं. सगळं टाइप करायचं असल्यामुळे तिला सोपं जायचं. माऊस मात्र तिच्या काही कामाचा नव्हता.

"तुम्ही पुस्तकाची पानं चाळता ना? मी मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारते," ती म्हणाली. "तुम्ही अक्षर रंगवलंत, पण हा मथळा आहे असं कॉम्प्युटरला सांगितलंच नाहीत. रंग वाटेत गळून गेला. आता मला अख्खा धडा पहिल्यापासून ऐकत बसावं लागणार."

"मग सांगायचं कसं?"

"ओळीच्या आधी हॅशची खूण टाकायची. एक हॅश म्हणजे धडा, दोन हॅश म्हणजे धड्यातला भाग. बस."

"एवढंच?"

"एवढंच. पुढच्या शनिवारी येणार?"

"येणार."

"सगळे असंच म्हणतात. पहिल्या शनिवारी पुण्य, दुसऱ्या शनिवारी सेल्फी, तिसऱ्या शनिवारी घरी पाहुणे."

तिसऱ्या शनिवारी आमच्याकडे खरंच पाहुणे होते. मी तरी गेलो. मला बघून तिने — म्हणजे मी दारात आलो तेव्हा तिने — मान वर केली.

"मसाला आला."

आमचं घर लालबागला, आणि खाली मिरच्या कांडायची गिरणी. आम्हाला तो वास कळतच नाही. तिला मी जिन्यात असतानाच कळायचो.

त्यानंतर मी शनिवार चुकवला नाही. ऑफिसची टूम बंद पडली तरी जात राहिलो. मी शेजारी बसलो की ती लॅपटॉपचा आवाज हळू करायची, मला समजावा म्हणून. बाकी कुणासाठी करायची नाही.

"इतकं हळू ऐकायचा कंटाळा येतो मला," ती म्हणायची.

"मग वाढव." तोवर आम्ही 'तू'वर आलो होतो.

"वाढवला तर तू काय करशील रे नुसता बसून?"

मी काही करायचो नाही. तिच्याकडे बघायचो. ती मान तिरकी करून ऐकायची, आणि एखादं वाक्य आवडलं की बोटाने टेबलावर हळूच एक ठोका मारायची.

"बघतोयस माझ्याकडे."

"नाही."

"टायपिंग थांबलंय."

"विचार करतोय."

"विचार करताना तू कुरकुर करत खुर्ची हलवतोस. आता खुर्चीही थांबलीय..."

चित्रांचं काम तिने मला दिलं. साध्या फाईलमध्ये चित्र टाकायचं तर उद्गारचिन्ह, मग चौकोनी कंस, मग गोल कंसात चित्राच्या फाईलचं नाव. चौकोनी कंसात चित्रात काय आहे ते लिहायचं. तो रिकामा ठेवला तर ऐकणाऱ्याला फक्त 'चित्र' एवढंच ऐकू येतं. मी पहिल्या कंसात लिहिलं, 'नकाशा'.

"नकाशा? कशाचा? दारावर कुणी आलं तर 'माणूस आला' म्हणून आत येतोस का?"

मग मी नीट लिहायला शिकलो. डावीकडे समुद्र, मध्ये डोंगर, डोंगरावर तीन किल्ले, वरचा सर्वांत मोठा. मला सजवून लिहिता येत नाही. तिला तेच आवडायचं.

"बाकीचे लोक 'विलोभनीय दृश्य' लिहितात. त्यातून डोंगर किती ते कळत नाही."

तिला चौथीपर्यंत दिसायचं. त्यामुळे रंगांवरून ती मला छळायची. मी निळा म्हटलं की विचारायची, कुठला निळा? मी म्हणायचो, शाळेच्या फ्रॉकचा. ती म्हणायची, धुतलेल्या की नव्या? मग मला चित्र उघडून परत बघायला लागायचं.

असं वर्षभर चाललं. मला जे बोलायचं होतं ते मी बोललो नाही. मी बोललो तर तिला वाटेल, आला आणखी एक पुण्य करणारा — ही भीती होती. आणि मग कदाचित शनिवारसुद्धा जातील.

एका शनिवारी ती म्हणाली, "आनंदा, एक घरगुती काम आहे. करशील?"

"कर म्हण."

"आईने स्थळ बघितलंय. शीवला राहतो, बँकेत आहे. त्यांना बायोडेटा हवाय, फोटोसकट. मजकूर मी लिहिलाय. फोटोचा कंस तेवढा तू भर."

मी पेन ड्राइव्हचं टोपण काढत-लावत बसलो.

"मी स्वतःला चौथीनंतर पाहिलेलं नाही," ती म्हणाली. "मुलगी कशी आहे ते सगळ्यांना दिसणार. मलाही कळू दे की."

तिने फाईल पाठवली आणि चहा घ्यायला निघून गेली. मी फोटो उघडला. बराच वेळ बघत बसलो. मग कंसात लिहिलं:

'मृणालिनी खुर्चीत ताठ बसली आहे. साडी निळी, नव्या फ्रॉकची निळी. केस मागे बांधलेत, एक बट कानापाशी सुटली आहे. फोटोवाला काहीतरी बोलला असणार, कारण हसू अर्धंच आलं आहे. ते पूर्ण आलेलं मी दर शनिवारी बघतो. आता ते शीवच्या माणसाला बघायला मिळणार म्हणून मला बरं वाटत नाहीये.'

शेवटचं वाक्य दोनदा पुसलं, दोनदा परत लिहिलं. वाटलं, ती ऐकेल आणि पुसून टाकेल. निदान ऐकेल तरी.

ती परत आली. त्या दिवशी तिने इअरफोन लावले. एकदा ऐकलं. मग तीच कळ दाबून परत ऐकलं. मी तिच्या बोटाकडे बघत होतो. ठोका पडला नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पीडीएफ मी करते. जा तू."

दादरहून लालबागपर्यंत मी चालत गेलो. गाढवपणा केला असं वाटत होतं.

बुधवारी फोन आला. "आनंदा ना? मी मृणालची आई, कमल. संध्याकाळी गिरगावात घरी या जरा."

त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर. काकू चष्मा लावून, हातात कागद घेऊनच बसल्या होत्या. बसा म्हणाल्या नाहीत.

"खालच्या झेरॉक्सवाल्याकडून मी याच्या दहा प्रती काढून आणल्या. तो मेला हसत विचारतो, 'काकू, जमलं वाटतं मृणालताईंचं?' मी म्हटलं, कशावरून? तर म्हणतो, फोटोखाली छापलंय की." आणि काकूंनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "मृणालिनी खुर्चीत ताठ बसली आहे..."

पूर्ण वाचलं त्यांनी. शेवटच्या वाक्यापर्यंत. धरणी दुभंगली असती तर मी खुशाल आत गेलो असतो.

"काकू, ते फक्त तिला ऐकू जायला हवं होतं," मी म्हटलं. "कंसातलं छापून येतं हे मला माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं."

मृणाल आतल्या दाराशी उभी होती. चौकटीला टेकून.

"चित्र ओळीवर एकटंच असलं की पॅनडॉक कंसातला मजकूर चित्राच्या खाली छापतं," ती म्हणाली. "ओळीच्या शेवटी एक तिरकी रेघ टाकली असती तर नसता छापला."

"मग टाकली का नाहीस?"

"का टाकू?"

तिच्या चेहऱ्यावर ते हसू यायला लागलं होतं... अर्धं.

"दोघांनी मिळून माझे दहा कागद वाया घालवलेत," काकू म्हणाल्या. पण चष्मा काढून पुसायला लागल्या. मग माझ्याकडे वळल्या. "हे बघा, शनिवारी येणारे खूप बघितलेत आम्ही. चांगली माणसं असतात. येतात आणि जातात. ही मग दोन दिवस जेवत नाही, आणि मला म्हणते भूक नाही. बाकीच्या वारांचं काय करणार तुम्ही?"

मी विचार केला. खरं तेच सांगितलं.

"बिलं करतो, काकू. संध्याकाळी सातनंतर मोकळा असतो. रोज."

मृणाल एवढ्या जोरात हसली की शेजारणीने दार उघडून बघितलं.

"शीवला काय कळवू मग?" काकूंनी विचारलं.

"कळव की फोटो बरा आला नाही," मृणाल म्हणाली.

आमच्या घरी आईला मी घाबरत सांगितलं. आई मालवणची. तिने मृणालशी अर्धा तास गप्पा मारल्या, तिच्याकडून फोनवर भाचीचा नंबर शोधून घेतला, आणि मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली, "झिला, पोरगी हुशार आसा. ती तुका सांभाळतली." तसंच झालं. लग्नानंतर पहिला महिना मृणाल मिरचीच्या वासाने शिंकत होती. मग ती आमच्यातली झाली आणि मी जिन्यात कळेनासा झालो. याची ती तक्रार करायची.

घरात तिच्या लॅपटॉपचा आवाज वेगाने चालायचा, मी स्वयंपाकघरात भाजी चिरत ऐकायचो. हळूहळू तो वेग मला समजायला लागला. तिला सांगितलं तर म्हणाली, "आता तुझ्यापासून काही लपवता यायचं नाही. मेसेज पण."

आणि रविवारी लग्नाचा अल्बम. तिने नियम केला होता, एका रविवारी एकच फोटो. मी कंसात लिहायचो, ती ऐकायची, मग भांडण.

"मामाचं पोट लिहिलं नाहीस."

"कशाला लिहू?"

"मी मिठी मारते तेव्हा हाताला लागतं ते. म्हणजे फोटोत असणारच. लिही!"

मी म्हणायचो, एका दिवसात पाच-सहा उरकू. ती म्हणायची, "नको. पुरवून पुरवून ऐकायचेत. म्हातारपणी काय करू?" परीक्षा जवळ आल्या की मुलांच्या पुस्तकांची घाई असायची, तेव्हा रविवार चुकायचे. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. अल्बम कुठे पळून चालला होता?

ती गेल्यावर तेरावा झाला आणि मी तिचा लॅपटॉप उघडला. पडदा काळा. मी तो तसाच ठेवला आणि ऐकत ऐकत इतिहासाचा पाचवा धडा पुरा केला. मथळ्यांना हॅश टाकले, छापील पुस्तकात बघून चित्रांचे कंस भरले, ओळ लिहून एंटर दाबलं. ओवीला धडा पाठवला. ती म्हणाली, "दादा, शनिवारी येणार ना संस्थेत?" म्हटलं, येणार. जातो.

काकू आता आमच्याकडेच असतात. परवा त्यांनी अल्बम काढला आणि मांडीवर घेऊन बसल्या. मी शेजारी बसलो. हळदीचे फोटो मृणालला सांगून झाले होते. मुहूर्ताचे झाले होते. पंगतीचे निम्मे झाले होते. त्यापुढचे सगळे तिला सांगायचे राहिले आहेत.