अप्पांचा नमस्कार

संगमेश आमच्या उदगीरच्या दुकानात पहिल्यांदा आला तो हरभऱ्याचं बियाणं घ्यायला. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, कम्प्युटरवरचा साठ्याचा तक्ता नुकताच चुकून पुसला होता, आणि मी रडकुंडीला आले होते.

"कशाला भांडायल्यात कम्प्युटरशी? सरका जरा," तो म्हणाला.

मुखेडचा, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला. बोलताना माझ्याकडे नाही, कीबोर्डकडे बघणारा...

त्यानं डेटाबेसची, म्हणजे दुकानाच्या नोंदींच्या फाइलची, सुरुवातच बदलली. उघडलं की मोठ्या बटणांची एकच स्क्रीन – विक्री, साठा, बंद. बाकीचे तक्ते लपलेले, अप्पांचा हात पोचूच नये असे.

दुसऱ्या सकाळी सगळे तक्ते पुन्हा उघडे! मी फोन केला. तो आला, त्यानं माझ्यासमोर फाइल उघडली, तर सगळं नीट. पुढच्या सकाळी पुन्हा तेच. पुन्हा फोन, मुखेडची एसटी, चहा... खरं सांगू? ते बिघडणं मला आवडायला लागलं होतं.

मग एकदा तो दुकान उघडायच्या वेळीच आला. अप्पांनी कपाळाला विभूती लावली, फाइल उघडायला क्लिक केलं, आणि गल्ल्याला करतात तसा कीबोर्डला नमस्कार केला. दोन्ही तळहात टेकवून, डोळे मिटून.

"अप्पांच्या हाताखाली शिफ्टचं बटण दबलंय," संगमेश हळूच म्हणाला. "ते दाबून फाइल उघडली की सगळ्या सेटिंगा बाजूला राहत्यात."

सापडलं, म्हणजे त्याचं येणं संपलंच.

"मग... होईल दुरुस्त?"

"होईल की. शिफ्टचं चालणं बंद करायचं. मिनिटाचं काम हाय."

त्यानं केलं. अप्पांनी फाइल पुन्हा उघडून नमस्कार केला, डोळे उघडले. समोर मोठी बटणं.

"लई झ्याक. आता तुला यायची दगदग न्हाई, पोरा."

संगमेश उठला नाही.

"अप्पा, शिफ्ट दाबलं जातंय, हे मला दुसऱ्याच खेपेला कळलं होतं. पण बंद केलं असतं तर..." त्यानं पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं, "ह्यांनी फोन केला नसता."

मी चहात साखर घालतच राहिले. अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या लाल झालेल्या कानांकडे.

"त्याला बिघाड कशाला लागतो? सोमवारी दुकान बंद असतंय. आईवडलांना घिऊन घरी ये."

तो निघाला तेव्हा मी पहिल्या दिवसापासून न्यायची राहिलेली हरभऱ्याच्या बियाण्याची पिशवी पुढे केली. "हे घ्या. पेरणीची वेळ टळंल."

"राहू द्या," तो हसला. "सोमवारी नेतो."