संदेश परत म्हणा

तो फोन खरं तर मी उचलायचाच नव्हता. पाळीप्रमुख चहाला गेलेले, कंट्रोल रूममध्ये मी नवी, आणि टेबलावरचा लाल फोन असा काही कोकलत होता की मी धावत जाऊन म्हटलं, "हॅलो, कोण पाहिजे?"

पलीकडून हसू दाबलेला एक आवाज — "कोणी नको. चाळीस मेगावॅट कमी करून पाहिजेत."

"...बरं."

"‘बरं’ चालत नाही, बाई. मी बोललो ते शब्दाला शब्द परत म्हणायचं. तुम्ही म्हटलं नाहीत, तर मी बोललोच नाही असं धरतात."

"चाळीस मेगावॅट कमी करते," मी म्हटलं. कान तापले होते... भट्टीनं नव्हे.

तो भार नियंत्रण केंद्रातला. कुणी किती वीज करायची, ते साऱ्या वीजकेंद्रांना तिथून सांगतात. आमचं केंद्र कोळशाचं, म्हातारं. पठारावर सौर पॅनल पसरल्यापासून आमचा दिवस उलटा झाला होता — ऊन चढलं की आमची आग उतरवायची, ऊन कललं की पुन्हा फुलवायची. सकाळी नऊला त्याचा फोन, दुपारी चारला त्याचा फोन. मधेच पठारावर ढग आला, तर एक जास्तीचा.

मग काय... मी ढगांची वाट बघू लागले.

"कोळशाच्या मालकीणबाई, ढग आलाय. तीस चढवा."

"तीस चढवते. केवढा आहे?"

"काय?"

"ढग हो."

"वीस मिनिटांचा," तो म्हणाला. "मोठा मागवू का?"

"उन्हाच्या कारकुनांना ढग मागवता येतात वाटतं!"

"अर्ज करून बघतो. कारण काय लिहू?"

मी फोन ठेवला. हसू मात्र कुठे ठेवावं कळेना. पाळीप्रमुख मान वर न करता म्हणाले, "आधी आकडा लिही. मग लाज."

भेटलो एकदाच. दोन्हीकडच्या माणसांचं एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. आवाजावरून मी उंचनिंच माणूस रंगवला होता. निघाला माझ्याच उंचीचा, चष्म्याच्या काडीला तार गुंडाळलेला. चहाच्या रांगेत मागे उभा राहून हळूच म्हणाला, "दोन चमचे साखर कमी करा."

मी वळले... आणि वळलेलीच राहिले.

निघताना जिन्यात त्यानं विचारलं, "एकतीस तारखेला तुमचा शेवटचा वीजसंच कायमचा बंद होतोय. मग फोन करायला मला निमित्त नाही. समुद्राकडच्या पवनकेंद्रावर बोलावलंय मला. जाऊ की राहू... तुम्ही सांगाल?"

"सांगते," मी म्हटलं. "एकतीसच्या आत."

तिथेच, त्या जिन्यातच सांगता आलं असतं. तीन शब्दही लागले नसते. पण डोळ्यांपुढे अप्पा आले. चौतीस वर्षं याच संचाच्या बॉयलरवर काढलेले माझे वडील. त्या आवाजानं त्यांचे कान गेले होते; घरात आम्ही ओरडूनच बोलायचो. सौर म्हटलं की ते तोंड फिरवायचे — "ऊन विकणारे आले, आगवाले गेले." त्यांची भट्टी विझवायचा हुकूम जो देणार, त्यालाच जावई म्हणून कुठल्या तोंडानं घरी न्यायचं? रोज ठरवायचे, आज बोलू. रोज आकडेच बोलायचे.

एकतीसला सगळ्या जुन्या कामगारांना बोलावलं होतं. शेवटचा हुकूम सगळ्यांना ऐकू यावा म्हणून फोन स्पीकरवर घेतलेला. अप्पा पुढेच उभे, इस्त्रीच्या शर्टात.

"संच क्रमांक तीन कायमचा बंद करा."

"संच क्रमांक तीन कायमचा बंद करते."

मागे कुणीतरी नाक ओढलं. मला वाटलं, झालं. पण तो बोलत राहिला... खोली माणसांनी भरलीय, हे त्याला कुठे ठाऊक!

"आणि... दुसरा संदेश. तुम्ही काहीच सांगितलं नाहीत, म्हणून मीच सांगतो. मला तुमच्याशी लग्न करायचंय. संदेश परत म्हणा."

चाळीस माना माझ्याकडे वळल्या. मी फक्त अप्पांकडे बघितलं. ते मेगावॅट दाखवणाऱ्या, खाली खाली येणाऱ्या सुईकडे बघत होते.

"दुसरा संदेश ऐकू आला नाही," मी म्हटलं. आणि फोन ठेवला.

पुढे मी पठारावरच्या सौर केंद्रात नोकरीला लागले. आठ महिने गेले, घरी तीन स्थळं आली, तिन्ही मी परतवली. तिसऱ्याला नाही म्हटलं त्या सकाळी अप्पा चहाचा कप फिरवत म्हणाले, "मग त्या फोनवाल्याला का गं नाही म्हणालीस?"

मी हातातली बशी खाली ठेवली. "तुम्हाला... ऐकू आलं होतं?"

"स्पीकर केवढ्यानं लावला होता! बहिऱ्यालाही ऐकू येईल. मला वाटलं, पोरीला नकोय. आपण बघितलं तर अवघडेल बिचारी. म्हणून सुईकडे बघत बसलो." मग म्हणाले, "आवाज चांगला होता त्याचा. संच बंद करा म्हणताना घसा दाटला होता बघ."

ते चहा प्यायले.

त्याच दिवशी मी भार नियंत्रण केंद्राला फोन लावला. एका बाईंनी उचलला.

"ते? ते पवनकेंद्रावर गेले, त्याच आठवड्यात. मागच्या महिन्यात लग्नही झालं. आपण कोण?"

मी जुन्या केंद्राचं नाव सांगितलं.

"अगंबाई... तुम्ही का त्या!" त्यांचा आवाज उतरला. "इथलं सगळं बोलणं रेकॉर्ड होतं हो. त्या संध्याकाळी तुमचं बोलणं ते तीनदा लावून ऐकत बसले. मग मला विचारलं, लाइन खराब होती का? तपासायचं काम माझंच. मी तपासलं आणि खरं ते सांगितलं... लाइन स्वच्छ होती म्हणून." मग त्यांनी हळूच विचारलं, "माझं काही चुकलं का?"

"नाही," मी म्हटलं. "लाइन स्वच्छच होती."