हसू नका, होडी अडते

बसवेशचा आवाज मी आधी ऐकला आणि चेहरा नंतर पाहिला. कारण तेव्हा माझे डोळे शांपूच्या फेसाने मिटलेले होते. याला कुणी प्रेमकथेची सुरुवात म्हणेल का? पण माझी झाली ती अशीच... सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्याच्या मागे, हापशाखाली वाकून.

दोष सगळा बजामावशीचा. माढ्याहून तिनेच मला सोलापूरला स्वतःकडे आणलं होतं. "डोस्क्याचा इलाज हाय न्हवं? मग डोस्कं थंड पायजे," म्हणत त्या सकाळी तिने वाटीभर खोबरेल माझ्या केसांत जिरवलं. आणि दवाखान्यात मेंदूच्या लहरी मोजायचं मशीन चालवणाऱ्या जगदेवी मॅडमनी माझ्या केसांना हात लावला, मग स्वतःच्या कपाळाला.

"अपेक्षा, तेलावर सेन्सर चिकटत नाहीत हो! मागे हापसा आहे. धुऊन या."

एका हाताने हापसायचं आणि दुसऱ्या हाताने डोकं धुवायचं, हे एकदा करून पाहा म्हणजे कळेल. माझी ती कसरत चालली असतानाच आवाज आला.

"सरका जरा. मी हापसतो, तुमी धुवा."

"नको, मी—"

"घरच्यांनी तेल लावून पाठवलंय व्हय?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला पण लावलं होतं की! अक्कानं, दुधनीहून आणलेलं करडीचं तेल. मॅडमनी सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या."

हापसा नुसताच कुरकुरत होता. "पाणी येत नाहीये," मी म्हणाले.

"येतंय की. पहिले हात कोरडेच जातेत. थांबा जरा..."

आणि पाणी आलं. एप्रिलच्या सोलापुरात, जिथे नळाच्या पाण्यात चहा टाकावा अशी गत, तिथे ते जमिनीतलं गार पाणी माझ्या मानेवरून उतरलं. मी डोळे उघडले. उंच, सावळा, कान जरा पुढे आलेले, आणि डोळ्यांत मिश्किली.

"मी बसवेश. मार्केट यार्डात कांद्याच्या अडतीवर असतो. लोकांना रडवायचा धंदा."

दुसरी कुणीही हसली असती. मी नाही हसले. मला येतच नव्हतं. वर्षभर ना धड रडू, ना हसू, नुसता जडपणा. आपली सोलापुरी चादर पाण्यात भिजवून अंगावर टाकावी, तसा. गोळ्यांनी मला दिवसभर गुंगी यायची, म्हणून डॉक्टरांनीच त्या हळूहळू कमी केल्या आणि हे न्यूरोफीडबॅक सुचवलं. मला एकच जाणून घ्यायचं होतं. माझ्यातली ती हसणारी अपेक्षा उरली आहे की संपली?

"ही काही जादू नाही," जगदेवी मॅडमनी आधीच बजावलं. "काहींना उपयोग होतो, काहींना नाही होत. डॉक्टरांशी बोलणं, झोप, चालणं, हे सगळं सोबत हवंच." मग त्यांनी चिकट पांढऱ्या पेस्टने माझ्या डोक्यावर तारा बसवल्या. समोरच्या पडद्यावर निळं पाणी होतं आणि एक इवलीशी होडी. "मेंदूच्या लहरी हव्या तशा आल्या, की होडी चालेल. आत कुठलाही करंट सोडत नाही आपण. फक्त तुमचं तुम्हाला दाखवतो."

मी जोर लावला. होडी ढिम्म. आणखी जोर लावला. ढिम्मच. पुढच्या खेपेलाही तेच. मग एका दुपारी मी थकून नाद सोडला, आणि मला मानेवरून उतरणारं ते गार पाणी आठवलं... तर होडी हलली!

मी हात लावला नव्हता. बोट उचललं नव्हतं. जी मुलगी सकाळी स्वतःला अंथरुणातून उठवू शकत नव्हती, तिने नुसतं बसल्या जागी एक होडी चालवली होती. अंगावर सर्रकन काटा आला.

"कुणी केलं हे?" मी वेड्यासारखं विचारलं.

"तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

प्रत्येक खेपेनंतर डोक्यातली पेस्ट धुवायला हापशावर यावंच लागे, आणि बसवेश तिथे असेच. त्याची खेप माझ्या आधी असली तरी तो मागे रेंगाळायचा. "दांडा जड हाय, तुमाला झेपायचा न्हाय," हे त्याचं कारण. मला झेपत होता. मी सांगितलं मात्र नाही.

मग तो दिवस आला. माझी होडी झोकात चालली होती. खोलीतल्या कापडी पडद्यापलीकडे बसवेश फोनवर बहिणीशी बोलत होता.

"हां अक्का, ऊट आयितु, जेवलो... न्हाय गं, करंट देत न्हायती. आपलाच मोजतेत... काय? न्हाय अक्का! माझ्या डोक्याला लावून मोबाईल चार्ज होत न्हाय!"

होडी थांबली. कोपऱ्यात लाल दिवा लागला.

"अपेक्षा, हसू नका," मॅडम सवयीने म्हणाल्या. "गाल हलले की सिग्नल बिघडतो, होडी अडते."

मग त्यांनी चटकन वळून माझ्याकडे पाहिलं.

"मी... हसले?"

त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला. शांत रेघांच्या मधोमध एक मोठी खळबळ उमटली होती. माझं हसू! मला कळायच्या आधी ते येऊनही गेलं होतं. मी गालाला हात लावला. देवळात मूर्तीच्या पायांना लावावा, इतक्या हलक्या हाताने.

"मशीन परत सुरू करू?" मी विचारलं.

"राहू दे," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "आज होडी अडलेलीच बरी."

मी धावतच हापशावर गेले. "तुमच्यामुळे माझी होडी अडली!"

"अरेरे... सॉरी की."

"सॉरी काय? हसले मी! वर्षानं!"

तो खाली बसला आणि पहिल्यांदाच विनोद न करता बोलला.

"माझी अजून हललीच न्हाई, अपेक्षा. एकदा पण न्हाई."

"पण तुम्ही तर सारखे हसवता—"

"बाहेरनं. आई गेली तेव्हा सगळे रडले. मीच न्हाई रडलो. तेव्हापासनं आत नुसतं कोरडं. लोकांना कांद्यानं पाणी येतं, मला तेवढं पण येत न्हाई." तो डोक्यातल्या पेस्टशी चाळा करत राहिला. "तुमी बऱ्या व्हाल. मी इथंच ऱ्हायलो तर?"

मी त्याच्या हातात शांपूची पुडी दिली आणि दांडा धरला.

"वाका."

"झेपायचा न्हाय तुमाला—"

"झेपतो. पहिल्या दिवसापासून झेपतोय. तुम्ही थांबावं म्हणून बोलले नाही."

तो वाकला. फेस झाला, त्याचे डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांच्या माणसाशी खरं बोलणं सोपं असतं.

"बसवेश, मीही अजून पुरती बरी नाही. काही सकाळी उठवत नाही. पण... मला तुम्ही आवडता. होडी हलो, न हलो. आवडता."

हापसा कुरकुरला. कोरडा. पुन्हा कोरडा.

"पाणी येत न्हाई..." त्याचा आवाज बारीक झाला होता.

"येतंय की. थांबा जरा."

आणि पाणी आलं, भसाभसा. त्याने फेसातच डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि ते भरून वाहू लागले.

"झोंबलं... शांपू," तो हुंदका देत म्हणाला.

"हो," मी म्हणाले. फेस केव्हाच वाहून गेला होता. त्याचे डोळे थांबेनात. त्याने ओल्या हाताने दांड्यावरचा माझा हात घट्ट धरला, आणि मी दुसऱ्या हाताने हापसत राहिले.