अडखळण्याचा सराव

तिने दार उघडलं तेव्हा तो पंपाशी बोलत होता.

रेकॉर्डिंगची खोली रिकामी असेल म्हणून ती सरळ आत घुसली, तर टेबलावर कंपनीचा नवा पंप आणि त्याच्यापुढे खुर्ची ओढून बसलेला इंजिनिअर. "तुझा आवाज कमी केला ना, आता लोक म्हणतील चालतच नाही. म्हणू देत. तू आपलं पाणी चढव."

तिला हसू फुटलं. तो दचकून उभा राहिला.

"मी ते... म्हणजे... सराव..."

"पंपापुढे?"

"तो... मध्ये बोलत नाही."

"मीपण नाही बोलणार. चालू द्या."

पण त्याची खाली गेलेली मान काही वर येईना. कान मात्र लालबुंद झाले.

कंपनीने कुणाला, कुठे, काय सांगायचं हे ठरवणं तिचं काम. जाहिरात, व्हिडिओ, तक्रारीला द्यायचं उत्तर, सगळं तिच्या हाताखालून जायचं. साहेबांनी याला तिच्या गळ्यात मारलं. "पंप यानेच बनवलाय, तर विक्रेत्यांच्या मेळाव्यात यालाच बोलू दे. माणूस सोन्यासारखा आहे, तोंड उघडलं की माती. बोलता करा."

रोज दुपारी त्याच खोलीत शिकवणी सुरू झाली.

"माझ्याकडे बघून बोला."

"तिथेच तर अडतं."

"का?"

"पंपाला असे... डोळे नाहीत."

एवढं बोलून तो वायर गुंडाळत बसला. शब्दांवर पोट भरणाऱ्या बाईला ते अर्धंमुर्धं वाक्य दिवसभर पुरलं.

तिचा एक संसार मोडला होता. तो नवरा बोलण्यात पटाईत. मधाळ बोलून त्याने तिला पार नागवलं होतं. म्हणूनच हा अडखळणारा तिला खरा वाटला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. कळलं तेव्हा तिचा हात त्याच्या हातात होता, आणि कान पुन्हा लाल.

"आईशी आपल्या लग्नाचं बोलायचंय," तो म्हणाला. "पण घटस्फोट म्हटलं की ती... मला धड बोलता येऊ दे. मेळावा झाला की पहिलं तिच्याशीच बोलेन."

मग काय, तिने जीव ओतला. पंप उशिरा येणार होते, ही वाईट बातमी विक्रेत्यांना त्यालाच द्यायची होती. तिने त्याला पायऱ्या शिकवल्या. आधी समोरच्याचं कौतुक. मग बातमी. मग उद्याची आशा.

"आणि बातमीच्या आधी एकदा अडखळायचं."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. फार गुळगुळीत बोललास तर लोकांना संशय येतो. अडलास की खरा वाटतोस."

"तुला वाटतो?"

"तू आहेसच," ती म्हणाली आणि त्याच्या कॉलरचं सुटलेलं बटण लावून दिलं.

मेळावा त्याने जिंकला. बरोबर जागी अडखळला, सभागृह विरघळलं. पंप उशिरा मिळणार म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रभावी संवाद म्हणतात याला. गळा असा कापायचा की समोरच्यानेच आभार मानावेत.

दुसऱ्या दुपारी तो खोलीत आला, ताठ बसला आणि तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "तू माझ्यासाठी जे केलंस ते कुणी केलं नसतं. आज मी जो आहे तो तुझ्यामुळे."

तिने मनात मोजलं. पहिली पायरी.

"पण आपलं लग्न नाही होऊ शकत. आईला सोसणार नाही."

दुसरी.

"तुला माझ्यापेक्षा चांगला माणूस मिळेल. बघशील तू."

"आईला विचारलंस?"

"विचारून काय होणार? ती काय म्हणेल मला माहितीये."

"म्हणजे नाही विचारलंस. सभागृहभर माणसांपुढे बोललास, आणि एका बाईपुढे जीभ उचलली नाही तुझी."

"तसं नाही गं. मी... मी तुला..."

तो अडखळला. मान खाली गेली. पहिल्या दिवशी गेली होती, अगदी तशीच. तिचं काळीज क्षणभर हललं. तिने त्याच्या कानांकडे पाहिलं.

कान लाल झाले नव्हते.

"जागा चुकली," ती म्हणाली.

"कसली?"

"अडखळायची. बातमी देण्याआधी अडखळायचं असतं. पकडलं गेल्यावर नाही. पुढच्या बाईच्या वेळी लक्षात ठेव."

तो खुर्चीतून उठला. यावरचं उत्तर तिने शिकवलंच नव्हतं. मग हळूच दार ओढून गेला.

टेबलावर पंप तसाच होता. तिने त्याच्यासमोर खुर्ची ओढली.

"हे बघ," ती म्हणाली, "मी त्याला... म्हणजे मला..."

पुढचा शब्द आलाच नाही. पंप गप्प राहिला. तो मध्ये बोलत नसे.