रिकाम्या पेटीचा श्वास

प्रयोगशाळेत त्यांना सगळे कासवबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही येत नसे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी गोड्या पाण्यातल्या कासवांचा श्वास मोजण्यात घालवली होती. थंडीत तळ्यावर बर्फ धरला की ही कासवं तळाच्या चिखलात जाऊन बसतात आणि श्वास न घेता महिनोन्‌महिने तग धरतात. हृदय मधूनच एखादा ठोका देतं, आत्ता आठवण झाली म्हणून दिल्यासारखा. स्नायूंत साठत जाणारं आम्ल कवचातला चुना जिरवून टाकतो. हे त्यांना जमतं कसं, या एका प्रश्नावर बाईंचं पोट चाललं होतं.

कामाची पद्धत साधी होती. काचेची घट्ट बंद पेटी. एका नळीतून हवा आत जायची, दुसरीतून बाहेर यायची. बाहेर येणाऱ्या हवेत ऑक्सिजन जितका कमी, तितका आतल्या जिवाने वापरला. रोज सकाळी कासव ठेवण्याआधी पेटी रिकामीच चालवून पाहायची. रिकामी पेटी श्वास घेत नाही, म्हणून संगणकाच्या पडद्यावरची ऑक्सिजनची रेघ सपाट यायला हवी.

त्या सकाळी ती सपाट आली नाही.

ती सावकाश खाली गेली, तळाशी जरा रेंगाळली, मग वर आली. पुन्हा खाली. एखाद्या गार दुपारी तळ्याच्या पाण्याने उगीच हलावं, तशी.

बाईंनी नळ्यांच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून पाहिलं. एकही बुडबुडा नाही. पेटी स्पिरिटने पुसली, पंप बदलला. शेवटी कपाटातली दुसरी, कोरी करकरीत पेटी काढून जोडली. रेघ तशीच खालीवर होत राहिली.

विभागाचे सर डोकावले. "काय बाई, पेटीला दमा झाला की काय?"

बाई हसल्या, पण हसू ओठांवरच राहिलं. सर बोलले त्यात थट्टा होती, तरी रेघेचा डौल त्यांना कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता. खाली जाताना शेवटी एक बारीकसा अडखळा येत होता. दाराशी आलेल्या माणसाने आत यावं की नको असं करावं, तसा.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, आणि मग लक्षात आलं की घर शांत आहे. बाबांच्या ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर थांबली होती.

बाबा खिडकीपाशी कोचावर बसले होते. त्यांनी हयातभर लोकांना पोहायला शिकवलं होतं. आता त्यांची फुप्फुसं वाळल्या स्पंजासारखी कडक झाली होती आणि न्हाणीघरापर्यंत जायचं म्हटलं तरी धाप लागायची. धाकटा भाऊ घरूनच काम करायचा आणि त्यांचं सगळं बघायचा.

"यंत्र कुणी बंद केलं?" बाईंनी विचारलं.

"मीच," बाबा म्हणाले. "डोकं उठवतं ते. मला आज अगदी हलकं वाटतंय."

भाऊ खुशीत होता. "ताई, सकाळपासून एकदा खोकले नाहीत. बोटाला चिमटा लावून बघितलं, ऑक्सिजन तुझ्यामाझ्याएवढा आहे!"

बाईंनी स्वतः चिमटा लावला. आकडा उत्तम होता. नखं गुलाबी, ओठ गुलाबी. मग त्यांची नजर बाबांच्या सदऱ्यावर गेली आणि तिथेच राहिली. सदरा हलत नव्हता.

"बाबा," त्या हळूच म्हणाल्या, "श्वास घ्या."

"अरे हो." बाबांनी पाहुण्याचा मान राखावा तसा एक श्वास घेतला. "घेतला. झालं समाधान?"

आत ओढताना शेवटी तो बारीकसा अडखळा होता.

शास्त्र शिकलेल्या माणसाला योगायोग पचनी पडत नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी रिकाम्या पेटीच्या आत जाणाऱ्या नळीचा व्हॉल्व्ह फिरवून बंद केला. रेघ खोल खोल जाऊ लागली आणि तिचे हेलकावे लहान, घाईचे झाले. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई! बाबा कसेतरीच करतायत! ओठ निळे पडलेत, यंत्र लावलंय तरी..."

बाईंनी व्हॉल्व्ह उघडला.

"थांब," भाऊ म्हणाला. "आता बरे दिसतायत. अगं, हसतायत."

त्या दिवसापासून पेटीवर एक चिठ्ठी लागली: हात लावू नये. सरांना बाईंनी सांगितलं की यंत्रातला दोष शोधतेय. ते मान हलवून गेले. घरी बाबा दिवसभर खिडकीपाशी बसत. जेवण दोन घासांत संपे. कुणी काही विचारलं तर उत्तर पुष्कळ वेळाने येई, पाण्यातून वर आल्यासारखं. दिवस उतरता उतरता काचेतून येणारा उजेड त्यांच्या अंगावर हिरवट दिसे.

"हे बरोबर नाही," बाई भावाला स्वयंपाकघरात म्हणाल्या.

"काय बरोबर नाही? खोकला नाही, धाप नाही, शांत बसलेत. डॉक्टरांनी तर हात टेकले होते. तुला आणखी काय हवंय?"

बाईंनी बाबांचं जेमतेम उष्टावलेलं ताट ओट्यावर ठेवलं.

मग पडद्यावर आणखी काहीतरी दिसू लागलं. बाबांच्या रेघेच्या पोटात एक दुसरी, फार संथ लाट होती. ती एकदा खाली गेली की बाईंचा चहा निवेपर्यंत वर येत नसे. कुणी पेटीत कासव ठेवलं असेल म्हणून त्यांनी टाकी पाहिली. सगळी कासवं टाकीत होती. पेटी रिकामी होती.

त्या संध्याकाळी बाबांनी कोचावर थोडं सरकून बसत जागा केली.

"कोण आहे तिथे, बाबा?"

"कोण जाणे. आधीपासून तळाशी होता. गार आहे, पण गुणी आहे." मग त्यांनी बाईंकडे पाहिलं. "पोरी, तुझी कासवं वर येतात ना गं?"

"येतात. बर्फ वितळला की येतात."

"त्यांना सांगतं कोण?"

"उजेड वाढतो, पाणी कोमट होतं, मग रक्तातली संप्रेरकं बदलतात. शरीराला आपोआप कळतं."

"मी असतो तिथे उजेड पोचत नाही," बाबा म्हणाले. "छान आहे, दुखत नाही काही. पण मी वर यायचं विसरत चाललोय. तू मला काढशील?"

बाईंना रडू आलं. वर काढायचं म्हणजे काय, हे त्यांना चांगलं कळत होतं. वर धाप होती, खोकला होता, आणि डॉक्टरांनी हात टेकलेलं ते सगळं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर जेवायला गेल्यावर त्यांनी पेटीच्या कडेच्या खिट्ट्या एकेक करून सोडल्या.

झाकण उचललं.

आतून कोमट, ओलसर हवा त्यांच्या चेहऱ्यावर आली आणि केसांतून निघून गेली.

त्यामागोमाग गार हवा आली. बराच वेळ येत राहिली.

पडद्यावरची रेघ सपाट झाली.

फोनवर भाऊ एकाच वेळी हसत आणि रडत होता. "ताई, असा श्वास घेतला म्हणून सांगू, मला स्वयंपाकघरात ऐकू आला! पण आता धाप लागलीय फार. तू ये."

बाई पोचल्या तेव्हा यंत्र घरघरत होतं. बाबांच्या नाकाला नळी होती, कपाळ घामाने भिजलं होतं आणि सदरा जोरजोरात वरखाली होत होता. बाईंना पाहून ते ओळखीचं हसले. "दम... लागतोय," ते म्हणाले. "बरं... वाटतंय." बाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. तो उबदार होता.

भाऊ डॉक्टरांना फोन करायला आत गेला. बाईंनी बाबांच्या पायांवर पांघरूण घातलं. त्यांनी ते ओढलं आणि अर्धं कोचाच्या रिकाम्या बाजूला पसरलं. मग ते त्या बाजूला वळले. नवशिक्या पोराला पाण्याच्या काठावर धीर द्यावा तसा त्यांचा आवाज मऊ झाला.

"घाई नाही," ते धापा टाकत म्हणाले. "आधी थोडा... घे. हां. आता... धर."

त्या बाजूचं पांघरूण किंचित वर आलं आणि तसंच राहिलं.

"शाब्बास," बाबा म्हणाले. "आता सोड."